जळालेल्या मोटारीचा ताळेबंद

आगीत सापडलेली जुनी गाडी भंगारात द्यायची की पुन्हा उभी करायची? उत्तर भावनेने किंवा घाईने देता येत नाही. त्यासाठी धातूंची साक्ष काढावी लागते आणि अनेकांचे हात लागतात.

- प्रतिनिधी

जुन्या मोटारीला लागलेली आग विझायला फार वेळ लागत नाही. पाण्याचा मारा होतो, धूर ओसरतो, बघ्यांची गर्दी पांगते. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. आजोबांनी घेतलेली फियाट, घरातल्या लग्नकार्यांत मिरवलेली ॲम्बॅसॅडर किंवा शेतावर राबलेली जीप काळ्या सांगाड्याच्या रूपात अंगणात उभी असते आणि सारे घर एकच विचारत असते, 'आता हिचे काय करायचे?' भंगारवाला लगोलग दारात येतो. गॅरेजवाला 'पत्रा ठोकून, रंग मारून देतो' असे सांगतो. विमा असलाच तर त्याची रक्कम तुटपुंजी निघते. यांपैकी कोणतीही वाट घाईने धरली, तर पुढे पश्चात्तापाची पाळी येऊ शकते. कारण जळालेल्या मोटारीत डोळ्यांना दिसते त्याहून न दिसणारे नुकसान अधिक असते. याउलट, जे संपले असे वाटते त्यातले बरेच काही वाचवताही येते.

आधी हिशेब, मग निर्णय

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहरापासून सुमारे १७ किलोमीटरवर असलेले हिवरे बाजार देशभर ओळखले जाते ते पाण्यासाठी. १९७२ च्या दुष्काळानंतर उजाड होत गेलेले हे गाव १९८९ नंतर पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली श्रमदानातून सावरले. पावसाळा संपला की तेथे पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पाऊस किती पडला, पिण्यासाठी किती पाणी राखायचे, शेतीसाठी किती उरले, हे ठरल्यावरच कोणती पिके घ्यायची याचा निर्णय होतो. मोडलेले पुन्हा उभे करायचे, तर आधी शिल्लक काय आहे याचा प्रामाणिक हिशेब हवा आणि मग एकाच्या कामाला अनेकांचे हात हवेत, हा या गावाचा धडा. तो शेतीपुरता नाही. जळालेल्या जुन्या मोटारीलाही तो जसाच्या तसा लागू पडतो.

गावाकडे जुनी जीप बहुधा गोठ्यालगतच्या शेडमध्ये, कडब्याच्या गंजीशेजारी उभी असते. शहरात जुनी मोटार सोसायटीच्या कोपऱ्यात आच्छादनाखाली महिनोन्‌महिने पडून राहते. दोन्हीकडे धोका सारखाच. जुन्या गाडीतील रबरी नळ्या वाळून तडकतात, पेट्रोल पंपाचा पडदा झिरपू लागतो, वायरींवरचे आवरण ठिसूळ होते, त्यात उंदीर कुरतडतात. मूळच्या वायरिंगवर नंतर बसवलेले मोठे दिवे, हॉर्न आणि म्युझिक सिस्टीम यांचा भार पडतो आणि त्यासाठी वेगळा फ्यूज कुणी बसवलेला नसतो. त्यात २०२५ पर्यंत देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पोहोचले. जुन्या काळातील रबर आणि कॉर्कची गॅस्केट इथेनॉलचा विचार करून बनवलेली नव्हती. झिरपलेल्या पेट्रोलला एक ठिणगी पुरते.

वितळलेल्या धातूंची साक्ष

आग विझल्यावर पहिला प्रश्न असा, की गाडीच्या कोणत्या भागाला किती उष्णता लागली? त्या वेळी तेथे तापमापक नव्हता, हे खरे. पण गाडीतील धातूच तापमापकाचे काम करतात. कथील आणि शिसे यांचे सोल्डर साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास सुटू लागते. कार्ब्युरेटर, दारांच्या मुठी आणि सजावटीच्या पट्ट्या ज्या जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात, तो सुमारे ४०० अंशांना वितळतो. ॲल्युमिनियमचे मिश्रधातू साधारण ५५० ते ६५० अंशांच्या दरम्यान पाझरू लागतात. पितळ त्याहून बरेच पुढे, ९०० अंशांच्या आसपास. पोलाद मात्र सुमारे १५०० अंशांपर्यंत वितळत नाही. मोटारीच्या आगीत तापमान ८०० ते १००० अंशांपर्यंत जाऊ शकते, म्हणून सांगाडा उभा राहतो आणि बाकीचे ओघळते.

यावरून जाणकार मंडळी गाडीचा जणू उष्णतेचा नकाशा काढतात. रेडिएटरचे सांधे सुटले, पण कार्ब्युरेटर शाबूत आहे, तर इंजिनाला बसलेली झळ मर्यादित होती. कार्ब्युरेटरचा गोळा झाला, पण शेजारचे ॲल्युमिनियमचे भाग आकार धरून आहेत, तर उष्णता ४०० ते ६०० अंशांच्या दरम्यान असावी. ॲल्युमिनियमच ओघळून जमिनीवर थिजले असेल, तर त्या भागातील कोणत्याही स्प्रिंगवर, नळीवर किंवा पत्र्यावर चाचणीशिवाय विश्वास ठेवायचा नाही. हा नकाशा छायाचित्रांसह कागदावर उतरवल्याशिवाय एकही नट खोलू नये.

फसगत होते ती 'वितळले नाही, म्हणजे वाचले' या समजुतीने. साधे पोलाद सुमारे ६०० अंशांना आपली निम्मी ताकद गमावते. थंड झाल्यावर ती बरीचशी परत मिळते, हे खरे. पण ज्या भागांना कारखान्यात विशिष्ट उष्णता देऊन कडक केलेले असते, त्यांचे तसे नाही. लोहार ज्याला 'पाणी देणे' म्हणतात, त्या संस्काराने स्प्रिंग आणि पाटे लवचिक राहतात. आगीत ते दिलेले पाणी उतरते. वरून धडधाकट दिसणारा पाटा भाराखाली बसतो किंवा तुटतो. ॲल्युमिनियमच्या सिलिंडर हेडचेही असेच. ते वितळण्याच्या कितीतरी आधी मऊ पडते, मग बोल्ट आवळताना आटे सुटतात आणि गॅस्केट वारंवार जाते. हेड सपाट आहे की नाही हे पट्टी ठेवून पाहता येते, पण त्याचा कडकपणा यंत्रावरच तपासावा लागतो. अशी चाचणी करणाऱ्या धातुपरीक्षण प्रयोगशाळा मोठ्या औद्योगिक शहरांत आहेत. अभियांत्रिकी महाविद्यालयांतही ही यंत्रे असतात.

आग विझल्यावरची दुसरी आग

दुसरा शत्रू धुरातून येतो. वायरींवरचे आणि आसनांवरचे पीव्हीसी जळते तेव्हा हायड्रोजन क्लोराइड वायू तयार होतो. विझवण्यासाठी मारलेल्या पाण्यात तो विरघळला की त्याचे आम्ल बनते आणि काजळीबरोबर ते पत्र्याच्या प्रत्येक खाचेत जाऊन बसते. कोरड्या पावडरचे अग्निशामक वापरले असेल, तर ती पावडरही ओल धरून धातू खाते. परिणामी आगीतून वाचलेला पत्रा थोड्याच दिवसांत तांबूस दिसू लागतो. जो मालक 'विमावाले येऊन गेले की बघू' म्हणत महिनाभर थांबतो, त्याची गाडी दुसऱ्यांदा जळत असते, फक्त ज्वाळा दिसत नाहीत.

म्हणून पंचनामा, अग्निशमन दलाचा अहवाल आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरची पाहणी ही कामे तातडीने उरकून घ्यावीत. ती होताच बॅटरी पूर्ण सोडवून, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आणि साबणाने सांगाडा धुवावा, वाळवावा आणि उघड्या धातूवर तेलाचा हात फिरवावा. इंजिनात पाणी शिरले असल्यास ऑइल काढून, स्पार्क प्लगच्या जागी तेल सोडून ते हाताने फिरवून ठेवावे. स्टार्टर मारून 'चालते का' हे पाहण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. या कामात हातमोजे आणि मुखपट्टी हवीच, कारण जुन्या गाड्यांच्या ब्रेक आणि क्लचच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकते आणि जळालेल्या रबराची राखही घातक असते.

सांगाडा सरळ आहे का?

यापुढचा निर्णय गाडीच्या रचनेवर ठरतो. जुन्या जीपला शिडीसारखी जाड चासी असते आणि वर वेगळी बॉडी बसवलेली असते. बॉडी पार गेली तरी चासी सरळ असेल, तर गाडी वाचते. फियाट ११०० आणि तिची पुढची पिढी असलेली प्रीमियर पद्मिनी यांचे मात्र तसे नाही. त्यांत पत्र्याची बॉडी हाच सांगाडा असतो. पातळ पत्रा तापला की फुगतो, पसरायला जागा नसल्याने लाटा धरतो आणि निवल्यावर तसाच राहतो. छत, बॉनेट आणि इंजिनामागची भिंत यांवर हा परिणाम सर्वाधिक दिसतो.

अशा वेळी कर्णांची मापे घ्यावी लागतात. दारांच्या चौकटी, पुढची काच आणि सस्पेन्शनचे बिंदू यांच्यातील उजवी-डावी अंतरे जुळली पाहिजेत. ती कशाशी ताडून पाहायची? येथेच पहिल्यांदा दुसऱ्या शौकिनाची गरज लागते. शेजारच्या शहरात कुणाकडे त्याच सालची धडधाकट गाडी असेल, तर तिच्यावर घेतलेली मापे ही सर्वांत भरवशाची पुस्तिका ठरते. मापे जुळली, तर लाटा आलेला पत्रा कुशल मिस्त्री उष्णता देऊन आणि आवळून बसवू शकतो किंवा तेवढाच तुकडा बदलू शकतो. मापे जुळली नाहीत आणि आधार देणारे भागच वाकले असतील, तर थांबण्याचे धैर्य दाखवावे लागते.

गाडी उभी करायचे ठरले, तर कामाचा क्रमही महत्त्वाचा. लोकांना रंग आधी दिसतो, म्हणून अनेक जण रंगावर आधी खर्च करतात. जाणकार मात्र आधी ब्रेकच्या नळ्या, सिलिंडर आणि सर्व रबरी सील बदलतात. मग पेट्रोलची टाकी आणि नळ्या, स्टिअरिंगचे सांधे, चाकांचे बेअरिंग. वायरिंग जोडून-सांधून चालत नाही. जळालेल्या टोकापासून पुढे तांबे किती अंतरापर्यंत कडक आणि काळे पडले आहे हे आवरणाखाली दिसत नाही, म्हणून संपूर्ण हारनेस नवा करावा आणि प्रत्येक शाखेला फ्यूज द्यावा. रंग सर्वांत शेवटी. चकाकणाऱ्या रंगाखाली आगीत सापडलेला ब्रेकपाइप तसाच ठेवणे म्हणजे स्वतःच्या आणि रस्त्यावरच्या इतरांच्या जिवाशी खेळ!

एकाची गाडी, अनेकांचे हात

येथपर्यंतचे काम पैशाने होते असे कुणाला वाटेल. पण पैसे असूनही अडते ते सुट्या भागांपाशी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यातून फियाट आणि पद्मिनी बाहेर पडत. २००० च्या सुमारास पद्मिनीचे उत्पादन थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. हजारो टॅक्सी धावत होत्या तोवर त्यांच्यासाठी भाग बनवणारे आणि दुरुस्त करणारे हातही होते. टॅक्सी गेल्या, तसा त्या हातांचा रोजगार आणि त्याबरोबरचे ज्ञानही ओसरत चालले आहे. ॲम्बॅसॅडरचे उत्पादन २०१४ मध्ये बंद झाले. तिचीही गत हळूहळू तीच होणार.

उरलेले भाग मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारात आणि चोर बाजारात, पुण्यात नाना पेठेतील दुकानांत आणि जुन्या बाजारात शोधावे लागतात. कोणता भाग कोणत्या सालच्या गाडीला बसतो, कोणता दिसायला सारखा पण मापाने वेगळा, हे दुकानदारापेक्षा वर्षानुवर्षे तीच गाडी वापरणाऱ्याला अधिक ठाऊक असते. एकाकडे जादा दरवाजा पडलेला असतो, दुसऱ्याकडे मूळ वायरिंगचा रंगीत आराखडा, तिसऱ्याच्या ओळखीत पत्र्याला हाताने गोलाई देणारा वयोवृद्ध मिस्त्री. काचेभोवतीचे रबर किंवा दिव्याची काच नव्याने बनवायची, तर साच्याचाच खर्च मोठा. एकट्या मालकाला तो परवडत नाही. वीस-पंचवीस जणांनी मिळून मागणी नोंदवली की तोच खर्च सुसह्य होतो. शौकिनांच्या संघटना रॅलीसाठी असतात असा सर्वसाधारण समज आहे. त्यांचे खरे मोल अशा प्रसंगी कळते.

याचे एक मोठे उदाहरण इंग्लंडमधले आहे. बर्मिंगहॅमजवळील नॅशनल मोटरसायकल म्युझियमला १६ सप्टेंबर २००३ रोजी आग लागली आणि पाचपैकी तीन दालने भस्मसात झाली. सुमारे ३८० दुर्मीळ मोटारसायकली आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. त्यांतील अनेकींचे फक्त लोखंडी सापळे उरले होते. तथापि संग्रहालयाने हार मानली नाही. देशभरातील कारागीर आणि शौकीन कामाला लागले आणि डिसेंबर २००४ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडले. आग लागल्यापासून अवघ्या सव्वा वर्षात हे घडले, ते विखुरलेले ज्ञान एका जागी आणल्यामुळेच.

कागदांवरची लढाई

गॅरेजमध्ये काम सुरू असताना आरटीओचा विचारही करावा लागतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५५ नुसार वाहन नष्ट झाले किंवा कायमचे निकामी झाले, तर मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी अधिकाऱ्यांना कळवायचे असते. त्यानंतर नोंदणी रद्द होते. एकदा नोंदणी रद्द झाली, की ती गाडी पुन्हा रस्त्यावर आणणे जिकिरीचे. म्हणूनच 'गाडी संपली' असे लिहून देण्याआधी तिचा ताळेबंद पुरा व्हायला हवा.

विम्याचे गणितही समजून घ्यावे. केवळ थर्ड पार्टी विमा असेल, तर स्वतःच्या गाडीच्या आगीची भरपाई त्यात मिळत नाही. सर्वंकष विमा असला तरी दुरुस्तीचा खर्च गाडीच्या घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाल्यास गाडी पूर्ण नुकसानीत धरली जाते. जुन्या गाडीचे घोषित मूल्य मुळातच किरकोळ, त्यामुळे लहान आगही तिला 'पूर्ण नुकसान' ठरवू शकते. पाच वर्षांहून जुन्या गाडीचे मूल्य कंपनी आणि मालक यांच्या सहमतीने ठरते. तेव्हा जाणकाराकडून मूल्यांकन करून घेऊन विमा उतरवतानाच योग्य आकड्याचा आग्रह धरणे हिताचे. सांगाडा स्वतःकडे ठेवायचा असल्यास तेही तडजोडीच्या वेळीच स्पष्ट करावे.

जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांना त्यानुसार 'व्हीए' मालिकेतील क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे. अशा गाडीचा रोजचा किंवा व्यावसायिक वापर करता येत नाही, प्रदर्शन आणि रॅलीसारख्या कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. मात्र यातली मेख अशी, की चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेली गाडी विंटेज ठरत नाही. आगीनंतर सरसकट दुसऱ्या गाडीचा सांगाडा किंवा निराळे इंजिन बसवणाऱ्याने ही अट आधी वाचावी. चासी क्रमांक कोरलेला पत्रा कितीही काळवंडला तरी घासू नये, कापू नये. गाडीची ओळख तेवढ्या तुकड्यात असते. इंजिन बदलावेच लागले, तर आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद आवश्यक.

किती वाचवायचे?

या ओळखीचे मोल बाजारालाही कळते. १९५४ ची एक फेरारी मोन्दियाल १९६० च्या दशकात जळून चुरगळली. दशकानुदशके तशीच पडून राहिलेला तिचा सापळा ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकेतील लिलावात १८ लाख ७५ हजार डॉलरना विकला गेला. आपल्या फियाटला अशी किंमत येणार नाही, हे उघड आहे. पण तत्त्व तेच. नवे भाग मिळवता येतात, गाडीचा इतिहास नव्याने बनवता येत नाही. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात रोल्स रॉइसची जुनी चिलखती मोटार पाहताना प्रेक्षक थबकतात, ते तिच्या चकाकीमुळे नव्हे, तर ती खरी आहे म्हणून.

म्हणूनच सर्व काही नव्यासारखे करणे हे एकमेव उत्तर नाही. अमेरिकेतील कॉर्वेट संग्रहालयात २०१४ मध्ये जमीन खचून आठ मोटारी खड्ड्यात गेल्या. त्यांतल्या तीन पूर्ववत केल्या गेल्या आणि पाच मुद्दाम मोडक्या अवस्थेतच जपल्या गेल्या. घरच्या गाडीबाबतही हा विवेक हवा. सांगाडा मापात असेल, क्रमांक शाबूत असेल आणि मदतीला माणसे असतील, तर ती उभी करावी. नसेल, तर तिचे वाचलेले दरवाजे, मीटर, चाके दुसऱ्या एखाद्या गाडीला द्यावीत. तिच्यामुळे आणखी दोन गाड्या चालत राहिल्या, तर तेही तिचे वाचणेच म्हणायचे.

आगीआधी एवढे करा

- पेट्रोलच्या रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घ्या आणि ठरावीक काळाने बदला.
- बॅटरीला कट-ऑफ स्विच बसवा. गाडी उभी करताना तो बंद करा.
- नंतर बसवलेल्या प्रत्येक विद्युत उपकरणाला स्वतंत्र फ्यूज आणि रिले द्या.
- गाडी कडबा, वाळले गवत किंवा रद्दीच्या ढिगाशेजारी उभी करू नका.
- हात पोहोचेल अशा जागी चालू स्थितीतील अग्निशामक ठेवा. बॉनेटमधून धूर येत असल्यास बॉनेट पूर्ण उघडू नका, हवा मिळताच ज्वाळा भडकतात. सर्वांना उतरवून दूर व्हा आणि अग्निशमन दलाला १०१ वर कळवा.
- गाडीची सर्व बाजूंनी छायाचित्रे, चासी व इंजिन क्रमांक आणि प्रमुख मापे लिहून घराबाहेर, एखाद्या मित्राकडे ठेवा. गाडी जळाली, तर पुनर्बांधणीचे काम याच कागदांवरून सुरू होईल.